दमेकरी झाड

ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही. मी शपथ घेऊन सांगितली तर त्याहूनही कमी वाटेल, कारण टर्कीबोन खिंडीत ओकी स्टिल्टनरच्या शपथेला कुणी हिंग लावून विचारत नाही. तरी सांगतो. आमच्याकडे एका झाडाला दमा झाला होता. पडसं नव्हे, खोकला नव्हे. चांगला वाजता दमा. रविवारी दुपारी ते झाड धापा टाकायचं, बुंध्यातून लांबलचक शिट्टी निघायची, आणि ती ऐकायला दोन डोंगरांपलीकडची माणसं ट्रक भरभरून यायची. बाया रडायच्या, बाप्ये टोप्या काढायचे, आणि ज्यांच्या घरी दमेकरी लेकरू होतं ते त्याला खांद्यावर घेऊन पुढे घुसायचे.

"झाली सुरुवात," बर्ल स्किडमोर म्हणाला. होबार्टच्या दुकानाच्या ओसरीवर शेगडीजवळची खुर्ची बर्लची, आणि माझी प्रत्येक गोष्ट मधेच मोडायचा हक्कही त्याचाच. "मागच्या आठवड्यात तुझी कोंबडी रेडिओ ऐकून तालावर अंडी घालत होती."

"ते खोटं होतं. हे खरं आहे. अर्धी खिंड साक्षीला आहे."

"अर्धी खिंड त्या झाडापुढं गुडघे टेकून बसली होती," दुकानातून होबार्ट ओरडला. "तिची साक्ष कोण काढणार?"

आता मुळात रीत जुनीच. लेकराला दमा असला की त्याला साउरवुडच्या, म्हणजे आमच्या डोंगरातल्या आंबट पानांच्या, झाडाला पाठ टेकून उभं करायचं. डोकं जिथं टेकेल तिथं खोडाला गिरमिटानं भोक पाडायचं, लेकराच्या केसांची बट त्यात कोंबायची, वरून खुंटी ठोकायची. लेकरू वाढत वाढत भोकाच्या वर गेलं की दमा भोकात राहिला आणि लेकरू सुटलं. माझ्या आजोबांनी माझ्या भावासाठी केलं, बर्लच्या आजीनं बर्लच्या बापासाठी केलं. घरचं गिरमिट, घरचं झाड, घरचं लेकरू. त्यात कुणाला व्यासपीठ लागत नसे.

व्यासपीठ आणलं ब्रदर एसा कंडिफनं. हा गृहस्थ आधी घरोघर छपराचे पत्रे विकायचा. ती छपरं गळायला लागली तसा त्याला देवाचा बोलावा आला. उंच, सडपातळ, कपाळावर पांढऱ्या केसांचा तुरा, आणि आवाज असा की साधं "मीठ द्या" म्हणाला तरी समोरच्याला आपली पापं आठवावीत. त्यानं खिंडीच्या तोंडाशी एक पडीक तुकडा घेतला. तिथं एक म्हातारं साउरवुड होतं, आतून पोकळ, दोन माणसांच्या कवेत न मावणारं.

"साउरवुड एवढं जाड कधी झालंय?" बर्ल म्हणाला.

"मी काय मापायला गेलो होतो?"

"म्हणजे एका माणसाच्या कवेत मावणारं."

"बरं, एका. पण माणूस लठ्ठ."

तर त्या झाडाभोवती एसानं कुंपण घातलं आणि समोर फळ्यांचं उंच व्यासपीठ उभारलं. मग जाहीर केलं, की आजोबा-पणजोबांनी पाडलेली भोकं आंधळी होती. हे एकच झाड डोळस. हे नुसता दमा घेत नाही, घेतलेला दमा भोगतं. "या आणि ऐका," तो म्हणाला, "तुमच्या लेकरांच्या वाटणीच्या धापा ते कशा टाकतंय ते!" पैशाला तो हात लावत नसे. हॅमला, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांडीला, लावायचा. मधाच्या बरण्यांना, गोधड्यांना आणि एकदा एका चालत्या ट्रॅक्टरलाही लावला.

त्याचं प्रवचन आमच्याकडच्या डोंगरी उपदेशकांसारखंच. दर ओळीच्या शेवटी "हा!" म्हणून दम टाकायचा आणि टाच दाणकन फळीवर आपटायची. आम्ही लहानपणापासून हेच ऐकत आलोय. आमच्या चर्चमध्ये उपदेशकानं पाय आपटला नाही तर लोकांना वाटतं, त्याची श्रद्धा तरी कमी असावी किंवा बूट तरी नवे असावेत.

"घे रे झाडा, हा!" एसा गर्जायचा. "या निष्पाप जिवाची, हा! धाप तुझ्या खोडात घे, हा!"

आणि बुंध्यातून यायची: हीऽऽऽऽ. बारीक, घोगरी, थेट दमेकऱ्याच्या छातीतली. मी स्वतः ऐकली. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले, आणि मला मानेवरच काय ते केस उरलेत.

त्या वसंतात वेस्टा रॅटलिफ आपल्या लेटीला घेऊन तिथं आली. लेटी नऊ वर्षांची, काडीसारखी पोर, आणि तिचा दमा खिंडीत सगळ्यांच्या ओळखीचा. थंडीत शाळेच्या बसपर्यंत धावली की ओठ निळसर व्हायचे. वेस्टा डोंगराखालच्या वृद्धाश्रमात रात्रपाळी करायची, दिवसा लेटीच्या उशाशी बसायची. झोपायची कधी, ते तिला विचारायची कुणाची छाती नव्हती. लेटीकडे दोन पंप होते. नारिंगी रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, बरं असलं तरी घ्यायचा. निळा धाप लागली की घ्यायचा. हे तिला क्लिनिकच्या नर्सनं, जिनिव्हा टोलरनं, घोटून घोटून शिकवलं होतं. जिनिव्हाला स्वतःला लहानपणापासून दमा. ती बोलताना कधी घाई करायची नाही, आणि कुणी केलेली तिला खपायची नाही.

एसानं लेटीला झाडाशी उभं केलं, गिरमिट फिरवलं, केसांची बट कोंबली. मग वेस्टाकडे हात पसरला. "भगिनी, ते पंप."

"दोन्ही?"

"झाड मानी असतं. छातीत औषध दिसलं की ते तोंड फिरवतं. एक तर झाडावर भरवसा ठेव, नाही तर डबड्यावर."

कुंपणाच्या तारेवर आधीच पंपांची माळ लोंबत होती, शिकाऱ्याच्या घरी शिंगं टांगलेली असतात तशी. वेस्टानं लेटीचे दोन्ही पंप त्यात अडकवले. अडकवून झाल्यावर तिनं ते पुन्हा एकदा चाचपले, हे मी पाहिलं. पण मागे शेकडो माणसं "आमेन" म्हणत असताना हात मागे घेणं सोपं नसतं.

एवढ्यात लेटी म्हणाली, "ब्रदर, या झाडाला खोकला का नाही येत?"

"काय?"

"मला आधी खोकला येतो. रात्रीचा. मग शिट्टी वाजते. झाडाला एकदम शिट्टीच कशी?"

"बाळ," एसा गोड हसला, "झाडाला घसा नसतो."

"मग वाजतं कशानं?"

वेस्टानं तिला दटावलं. लोक हसले. मीही हसलो. पोरीनं अख्ख्या खिंडीत एकटीनं नेमका प्रश्न विचारला होता, आणि आम्ही तिला लाडानं टपली मारून गप्प बसवली.

दुसऱ्या दिवशी इथेच, या ओसरीवर, जिनिव्हानं वेस्टाला गाठलं.

"वेस्टा, भोक पाड, हवी तेवढी पाड. झाड माझं नाही. पण नारिंगी पंप बंद करू नकोस."

"आठवडा झाला की कळेल तुम्हाला, बाई."

"आठवड्यात काहीच कळणार नाही. त्या औषधाचा असर हळूहळू उतरतो. महिनाभरसुद्धा बरी दिसेल. आतून नळ्या सुजत जातील आणि तुला बाहेरून दिसणार नाही."

"म्हणजे बरी दिसली तरी आजारीच म्हणायचं?" वेस्टाचा आवाज चढला. "मग माझं लेकरू बरं कधी म्हणायचं, बाई? सांगा ना! तुम्ही आजवर एकदा तरी म्हणालात का, की ही बरी होईल?"

खरं बोलणाऱ्याची हीच पंचाईत. त्याला "सांभाळता येईल" एवढंच म्हणता येतं. समोरचा मात्र व्यासपीठावरून "मुळापासून बरा" म्हणत असतो.

आणि लेटी बरी दिसू लागली की! सगळा उन्हाळा तिनं ओढ्यात डुंबून काढला. लोक तिला बोटानं दाखवू लागले. एसाच्या हॅमसाठी वेगळी खोली बांधावी लागली. आता, सगळ्यांचंच काही असं झालं नाही. थर्मन मुल्टरचा नातू भोकाच्या चार बोटं वर वाढला, तरी धापा टाकतच होता. थर्मन तक्रार घेऊन गेला तर एसा म्हणाला, "भोक कुठलं? जरा वर बघ. झाडही वाढलं ना! भोक त्याच्याबरोबर वर गेलं." आणि खरंच भोक नातवाच्या डोक्याच्या वर होतं. खाली जुन्या भोकाच्या जागी झाडाच्या सालीचा ताजा डिंक लावलेला तुकडा होता, पण तिकडे कोण बघतो? थर्मन माफी मागून, वर एक मधाची बरणी ठेवून घरी आला. घरी म्हणजे त्या घरी, जिथं त्याच्या बापानं झाडाला ठोकलेली कुंपणाची तार चाळीस वर्षं त्याच्या गुडघ्याच्या उंचीवरच आहे. झाड शेंड्याला वाढतं, बुंध्याला नव्हे. हे आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. फक्त रविवारी ठाऊक नसायचं.

"गुडघ्याचं नाव काढू नकोस," बर्ल पुटपुटला. "मीही गेलो होतो तिथं गुडघेदुखीसाठी."

"झाड दम्याचं होतं, बर्ल."

"एसा म्हणाला, गुडघ्यालाही धाप लागते."

ऑक्टोबर आला. आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे सफरचंदं आटवायचा महिना. मोठ्या तांब्याच्या कढया चुलवणावर चढतात, लांब दांड्याच्या पळ्यांनी बाया दिवसभर ढवळत राहतात, आणि लाकडाचा धूर दरीत असा कोंडतो की शेजाऱ्याची गाय आपली समजून दोहावी. एसानं ठरवलं की यंदाच्या कढया झाडापुढेच चढवायच्या आणि त्या दिवशी लेटी रॅटलिफ व्यासपीठावर उभी राहून साक्ष देणार: मी पंपाविना बरी झाले.

मी तिथं कशाला गेलो होतो? खायला. माझी श्रद्धा त्या बाबतीत अढळ आहे.

जिनिव्हाही आली होती. ती ओळीत उभी नव्हती, कढईजवळही नव्हती. ती फक्त लेटीकडे बघत होती. लेटी व्यासपीठाच्या पायरीवर बसली होती, खांदे वर उचललेले, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले. दोन दिवसांपासून रात्री खोकतेय, असं वेस्टा शेजारणीला सांगत होती. थोडं पडसं आहे, बाकी काही नाही.

एसानं हात वर केले. लेटीला बोलावलं. पोर वर चढली, आणि वारा फिरला. चार कढयांखालचा धूर एकदम व्यासपीठावर लोटला.

"सांग, लेकरा," एसा म्हणाला, "झाडानं तुझं काय केलं?"

"झाडानं..." लेटी म्हणाली. श्वास घेतला. "माझा..." पुन्हा श्वास. पुढचा शब्द आलाच नाही. तिच्या छातीतून शिट्टी वाजू लागली, पहिल्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशी. गळ्याखालची खळी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. वेस्टा धावली.

एसा क्षणभर गडबडला. क्षणभरच. मग त्यानं टाच आपटली. "सैतान शेवटचा झगडा देतोय, हा! घे रे झाडा, हा! घे, हा!" झाड हीऽऽऽ करून ओरडलं. पोर वाजत होती, झाड वाजत होतं, लोक मोठमोठ्यानं गात होते. कुणीतरी लेटीला फळ्यांवर आडवं केलं. ती उठायला धडपडत होती, तर चार भाविक हात तिला प्रेमानं दाबून धरत होते.

मग तिची शिट्टी बारीक होत गेली. आणि थांबली.

"ऐका!" एसा किंचाळला. "लेकराची शिट्टी थांबली! झाडानं घेतली!"

"हालेलुया!" सगळी दरी दणाणली. वेस्टा हसत-रडत गुडघ्यांवर कोसळली.

जिनिव्हा टोलर घाई करत नाही, असं मी म्हणालो ना? त्या दिवशी ती दोन माणसांच्या अंगावरून व्यासपीठावर चढली. एसाला तिनं खांद्यानं असा ढकलला की तो कडेला जाऊन खाली गवतात उतरला.

"हात काढा! झोपवू नका तिला, बसवा!" ती ओरडली. "शिट्टी थांबली म्हणजे बरी झाली नव्हे! हवा आत-बाहेर जातच नाहीये, म्हणून वाजत नाहीये! डोळे फुटलेत का तुमचे? ओठ बघा!"

ओठ निळे होते. गाणं तिथल्या तिथे तुटलं.

जिनिव्हानं आपल्या कोटाच्या खिशातून स्वतःचा निळा पंप काढला. "होबार्ट, ती सरबताची बाटली ओत! बुडाला भोक पाड, पंपाचं तोंड बसेल एवढं!" होबार्टनं खिशातल्या चाकूनं भोक पाडलं. तिनं पंप बुडाशी खुपसला, बाटलीचं तोंड लेटीच्या ओठांत दिलं. एक फवारा. "घे, राणी. जमेल तेवढा घे. सोड. पुन्हा." मग दुसरा फवारा. मग पुन्हा. तेवढ्यात अग्निशमनवाल्या आमच्या पोरांनी कढयांपाशी उभी केलेली गाडी पुढे आणली आणि ऑक्सिजनची नळी लेटीच्या नाकाशी लावली.

किती वेळ गेला कोण जाणे. कढया करपत होत्या, कुणी हलत नव्हतं. आणि मग लेटीच्या छातीतून पुन्हा आवाज आला. हीऽऽऽ.

"शिट्टी परत आली!" वेस्टानं टाहो फोडला. "परत आली गं बाई ती!"

"येऊ दे!" जिनिव्हाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "वाजतेय म्हणजे हवा जातेय! वाजू दे तिला! आता गाडीत घ्या, हॉस्पिटलला न्यायचं आहे. अजून धोका टळलेला नाही."

पण आमचा एसा कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो पुन्हा व्यासपीठावर चढला होता. "पाहिलंत?" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मधासारखा पाझरला. "झाडानं दमा घेतला होता. या बाईच्या डबड्यानं परत आणला! शिट्टी थांबली होती की नव्हती? तुम्ही कानांनी ऐकलंत! वेस्टा भगिनी, लेकराला गाडीत घालू नकोस. झाडाकडे आण, हा! अजून वेळ गेलेली नाही, हा!"

हीऽऽऽ, झाड म्हणालं.

आणि खरं सांगतो, लोक पुन्हा हलले. "खरंय, थांबली तर होती," असं कुणी तरी म्हणालं. दोघं-तिघं गाडीच्या दाराशी आडवे झाले. वेस्टा मधे उभी, लेकीला छातीशी धरून, एकदा गाडीकडे बघत, एकदा झाडाकडे. तिचं पाऊल झाडाकडे वळायला लागलेलं मी पाहिलं.

लेटीनं आईची बाही ओढली. "आई." श्वास. "बघ." श्वास. "त्याचा." श्वास. "बूट."

"काय गं?"

"बूट... खाली. झाड... वाजतं."

वेस्टानं पाहिलं. मग आम्ही सगळ्यांनी पाहिलं. एसाची टाच खाली गेली: हीऽऽ. टाच वर: गप्प. आम्ही इतकी वर्षं उपदेशकांच्या तोंडाकडे आणि स्वतःच्या पापांकडे बघत आलो. बुटाकडे बघायचं कुणाला सुचावं?

"ब्रदर," जिनिव्हा अगदी शांतपणे म्हणाली, "जरा त्या फळीवरून खाली उतरता का?"

"प्रभूचा सेवक आपली जागा..."

"बरं, नका उतरू. नुसते स्वस्थ उभे राहा. आणि करा प्रार्थना."

एसानं प्रार्थना केली. मोठ्यानं केली, लांबलचक केली, दोन्ही पाय फळीवर खिळवून केली. झाड तोंडातून चकार शब्द काढीना.

"झाड बरं झालं!" मी ओरडलो. "लवकर, कुणीतरी याला भोक पाडा!"

पहिलं कोण हसलं ठाऊक नाही. पण वेस्टा हसली नाही. तिनं लेटीला उचललं, दाराशी आडव्या झालेल्यांतल्या एकाला कोपरानं बाजूला सारलं आणि गाडीत चढली. जिनिव्हा मागोमाग. गाडी भोंगा वाजवत खिंड उतरली, आणि मग बाप्ये लोक फळ्यांकडे वळले.

फळ्यांखाली आमच्याच चर्चची जुनी पायपेटी निघाली. नवी विजेची घेतली तेव्हा ही जळणाला म्हणून एसानं नेली होती. तिचा भाता तेवढा त्यानं टाचेच्या फळीखाली बसवला होता. भात्यातून बागेला पाणी घालायची नळी जमिनीखालून झाडाच्या पोकळीत गेली होती, आणि नळीच्या तोंडाशी पेटीतली एक सूरपट्टी घट्ट बसवली होती. टाच पडली की भाता दाबला जायचा, हवा सूरपट्टीच्या फटीतून घुसायची, झाड रडायचं. आमच्या लग्नांत आणि मयतांत वाजलेली ती पेटी. तिचा सूर बिचारीनं शेवटपर्यंत सोडला नाही, आम्हीच ओळखला नाही. या सगळ्या धांदलीत एसा गेला. हॅम मात्र घेऊन गेला. देवाचा माणूस मोकळ्या हातानं कसा जाईल?

लेटी हॉस्पिटलात राहून घरी आली, त्यानंतरच्या रविवारी जिनिव्हानं ती नळी आणि तो भाता चर्चच्या दारात मांडला. पोरांना म्हणाली, फुंका. पोरांनी नळीत फुंकलं, हवा मुकाट गेली. मग तिनं नळीचं टोक चिमटीत धरलं. फुंका. हीऽऽ.

"एवढंच आहे," ती म्हणाली. "छातीत अशाच नळ्या असतात, झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक बारीक होत गेलेल्या. दमा असला की त्या आतून सुजतात, भोवतीचे स्नायू आवळतात, वर चिकट कफ. धुरानं, धुळीनं, थंड वाऱ्यानं, साध्या पडशानंही भडकतात. रस्ता अरुंद झाला की हवा शिट्टी घालते. निळा पंप आवळलेले स्नायू सैल करतो, लगेच. नारिंगी सूज उतरवतो, हळूहळू, म्हणून रोज. आणि अगदीच बंद झालं, तर शिट्टीही नाही." तिनं चिमूट घट्ट केली. आवाज थांबला.

"मग माझ्या भावाला आजोबांच्या भोकानं कसा गुण आला?" मी विचारलं.

"मूल वाढलं की नळ्याही रुंद होतात, ओकी. पुष्कळ मुलांचा त्रास मोठेपणी कमी होतो, काहींचा होत नाही. तुझा भाऊ झाडाजवळ नसता वाढला, तरी वाढलाच असता."

तर मंडळी, सांगायचं ते इतकंच. कुणी चमत्कार दाखवला तर त्याच्या तोंडाकडे बघू नका, पायाकडे बघा. झाड काय घेतं, खडक काय शोषतो, हे सांगणाऱ्याला विचारा: वाजतं कशानं? पोरानं प्रश्न विचारला तर टपली मारू नका. आणि दम्याला औषध आहे, पक्कं आहे, याला पुरावा आमची लेटी. एसाचं झाड उन्हाळाभरात जे करू शकलं नाही ते डॉक्टरी औषधानं एका हिवाळ्यात केलं. तिचा दमा मुळापासून गेला! असा गेला की परत फिरकला नाही. पंपही तिनं केव्हाच ओढ्यात फेकले, आणि आज हायस्कूलच्या शर्यतीत ती हरणाला मागे टाकून...

"खोटं!"

ओसरीच्या पायरीवर लेटी रॅटलिफ उभी होती, आता सतरा वर्षांची, बगलेत कोंबड्यांच्या दाण्याचं पोतं. किती वेळची ऐकत होती देव जाणे.

"कुठं गेला दमा, ओकीकाका? इथंच आहे, माझ्याबरोबर. आज सकाळी नारिंगी पंप घेतलाय, संध्याकाळी परत घेणार. निळा हा काय, खिशात. थंडीत धावायचं असलं की आधी तो घेते, कढया चढल्या की वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभी राहते. हे रोज करते म्हणून धावते. हरणाला मागे टाकते, कोंबडी तालावर अंडी घालते, काय हव्या त्या थापा मार. पण ही तुझी शेवटची थाप ऐकून एखादी आई, लेकरू जरा बरं दिसलं की पंप फेकून देईल. तेवढी काढून टाक."